आधी पट्टी बदल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एकट्या गिटारसाठी लिहून तू पाठवलेलं भावगीत वाजवून पाहिलं. सूर बरोबर आहेत, कॉर्डही बरोबर आहेत, तरी मुखडा, म्हणजे ध्रुवपदाची ओळ, ऐकू येत नाही. दुरुस्तीला पट्टीपासून, म्हणजे सा कुठे धरायचा तिथपासून, लाग.

गायकाची पट्टी हार्मोनियमची काळी एक म्हणून तू सी शार्प ठेवलीस. गिटारच्या मोकळ्या तारा, सहाव्या जाड तारेपासून पहिल्या बारीक तारेपर्यंत, ई, ए, डी, जी, बी, ई. गाणं शुद्ध स्वरांचं आहे, आणि सी शार्पच्या त्या सप्तकात यातली एकही तार बसत नाही. मग प्रत्येक सुराला बोट, जागोजागी बॅरे (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबणं), आणि डाव्या हाताला उसंत नाही. अर्धा स्वर वर सरकून डी घे, सहाही तारा सप्तकात येतात. पट्टी बदलण्यात मूळ गाण्याचा अपमान नाही. स्पॅनिश संगीतकार आल्बेनिस यांची पियानोवरची रचना ‘आस्तुरियास’ जी मायनरमध्ये आहे, गिटारवर ती ई मायनरमध्ये वाजवतात. तिच्यात पुन्हापुन्हा येणारा डी त्यामुळे बी होतो आणि दुसऱ्या मोकळ्या तारेवर आयता मिळतो.

पट्टी ए घेतलीस तर सा तिसऱ्या तारेच्या २ऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या दुसऱ्या घरात) येईल आणि मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) चौथ्या तारेवर, थेट बासच्या, म्हणजे साथीच्या खालच्या सुरांच्या, घरात. तुझा मुखडा मंद्र पंचमापर्यंत उतरतो, म्हणून ए नको. डीमध्ये सा दुसऱ्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर आणि मंद्र पंचम तिसऱ्या तारेच्या २ऱ्यावर, खाली बासला मोकळी जागा. किंमत अंतऱ्यात मोजावी लागते: तार सा पहिल्या तारेच्या १०व्या फ्रेटवर जातो. हात तिथे असताना खालचे बास दाबता येत नाहीत. म्हणून सहावी तार ई वरून डीवर उतरव. सहावी, पाचवी, चौथी मिळून सा, प, सा मोकळे मिळतात. जी कॉर्डचा बास पाचव्या तारेच्या १०व्या फ्रेटवर, अगदी हाताखाली आहे.

आता मुखड्याचं. तू स्ट्रमिंगचे पूर्ण कॉर्ड धरलेस आणि चाल त्यांच्या पोटात गेली. कान सर्वांत वरचा सूर चाल म्हणून उचलतो. डीचा नेहमीचा कॉर्ड धरून पाहा: दुसऱ्या तारेवर सा, पण पहिल्या तारेच्या २ऱ्या फ्रेटवर गंधार. ऐकणाऱ्याला गंधारच ऐकू येतो. चालीच्या वरची तार वाजवायची नाही, हा नियम पाळ. आधी फक्त चाल आणि बास, दोनच ओळी लिही, चालीच्या स्वरचिन्हांच्या दांड्या वर आणि बासच्या खाली. एवढ्यावर गाणं ओळखू आलं पाहिजे. मधला सूर चाल थांबते तिथेच घाल, आणि एका वेळी एकच. कॉर्डमधला पंचम बहुतेक वेळा गाळला तरी चालतो, गंधार मात्र ठेव.

शब्द गेले की सा या एकाच सुरावरची पाच अक्षरं हातोड्यासारखी वाटतात. तीन ठेव, आणि त्यातला एक सा तिसऱ्या तारेच्या ७व्या फ्रेटवर घे, त्याचा रंग वेगळा येतो. चार मात्रांचा लांब सूर नायलॉनच्या तारेवर टिकत नाही, वरच्या फ्रेटवर तर लवकरच विझतो. त्याच्याखाली तर्जनी-मधल्या बोटाने हलकी आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) चालू ठेव, म्हणजे तो सूर अजून आहे असं वाटतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्यायची तर सुरुवातीचा आणि शेवटचा सूर एकाच तारेवर हवा. ग ते प पहिल्या तारेवर २ऱ्या फ्रेटवरून ५व्यावर, एकाच बोटाने. म्हणून बोटं मींडेपासून उलट दिशेने ठरव. ‘ग म ग रे’ ही मुरकी (सुरांची छोटी झटपट वळणं) तर डीमध्ये फार सुंदर बसते: पहिल्या तारेवर २, ३, २, मोकळी, आणि उजव्या हाताचा एकच ठोका. याहून लांब हरकत लिहू नकोस, सूर मरत जातात.

दादऱ्याच्या सहा मात्रांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सहावी तार वाजव. चौथ्या मात्रेवर बास नकोच, फक्त तिसरी-दुसरी तार हलकी. तालातली ‘खाली’ (बिनजोराची मात्रा) आपोआप कळते. ए कॉर्ड आला की सहाव्या तारेचा डी मागे घुमत राहतो आणि सगळं गढूळ होतं. पाचवी वाजवली की लगेच अंगठ्याची मागची बाजू सहाव्याला टेकव. हे नोटेशनमध्येच विराम म्हणून लिही, नाहीतर वाजवणारा विसरतो.

मूळ गाण्यातलं व्हायोलिनचं मधलं म्युझिक चार मात्रांपुरतंच ठेव.

सहावी तार उतरवल्यावर ती थोड्या वेळाने हळूच चढते. हवी त्याहून किंचित खाली नेऊन थांब, मग मिळव. आणि अंगठा तिच्यावर जोरात मारू नकोस, सैल तार फ्रेटवर खडखडते.

अंतरा दहाव्या फ्रेटवर नव्याने लिहून पाठव. मुखडा आधी दोनच ओळींत.

तुझी
आई