जूनमध्ये भारतात जाण्याआधी हे वाचा : शनिवारच्या केंद्रासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

इथे कॅलिफोर्नियात, हेवर्डच्या बारावीतल्या मुलांना कॉलेजच्या अर्जांत मदत करायला आपल्या मंडळाचं शनिवारचं केंद्र चालतं, हे सर्वांना ठाऊक आहे असं धरून चालतो. मुलं बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोरहून आलेल्या कष्टकरी घरांतली. कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच.

आपल्या गणिताच्या सरांनी हे स्वतःच्या गॅरेजमध्ये सुरू केलं. काकूंनी गणपतीच्या सामानातल्या खुर्च्या दिल्या, त्या अजून परत गेलेल्या नाहीत. फ्रीमाँटच्या दादांनी जुने लॅपटॉप दुरुस्त करून आणले, वर नाव छापायचं नाही असा दम दिला. आणि माजी अध्यक्षांचं ऋण कसं फेडणार? फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, २०२३ मध्ये ऑक्टोबरऐवजी डिसेंबरअखेर उघडला. त्यात ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारी ओळख क्रमांक) नव्हता ती मुलं, स्वतः नागरिक असूनही, मध्येच अडकली. अध्यक्षबाई त्यांच्याबरोबर तासन्‌तास हेल्पलाइन धरून बसल्या.

अर्थात खरं श्रेय शाळेतल्या शिक्षकांचं. या गावाची ती परंपराच आहे. १९८१ साली इथल्याच शाबो कॉलेजात समुपदेशक फेलिक्स गलाविझ आणि इंग्रजीच्या शिक्षिका पॅट मॅग्रा यांनी ‘पुएंते’ सुरू केलं. पुएंते म्हणजे पूल. लेखनाचा वर्ग, समुपदेशक आणि समाजातलाच एखादा वडीलधारा, असे तिघं मिळून मुलाला धरून ठेवतात. कर्मवीर अण्णांचं नाव सांगणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता मुद्दा. गरजू मुलांना अर्जाची फी माफ होते, प्रवेशही मिळतो. मुलं गळतात ती मे ते ऑगस्टमध्ये. शिक्षक याला ‘समर मेल्ट’ म्हणतात. वसतिगृहाचं डिपॉझिट, ओरिएंटेशनची फी, विम्याचा फॉर्म, वेळेत पोचवायची अंतिम गुणपत्रिका, मध्येच मागितलेला एखादा दाखला. सगळे ईमेल इंग्रजीत, घरचा दुभाषी तो मुलगाच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. शाळेला सुट्टी, म्हणून समुपदेशक नाहीत. आणि आपण सगळे पुण्या-नाशिकला! गेल्या जूनमध्ये केंद्रात सर आणि मी, दोघंच होतो. एका मुलीची डिपॉझिटची तारीख हुकली, ती आता बेकरीत काम करते.

ढोलताशांसाठी एका संध्याकाळी पैसे जमले, आनंदच आहे. केंद्राची पेटीही त्याच मांडवात होती. तिच्यात काय निघालं ते लिहीत नाही. सर्वसाधारण सभेत ‘आपल्या मुलांचं काय?’ असंही विचारलं गेलं. आपल्या मुलांना आपण पैसे मोजून खासगी सल्लागार लावतो, एवढंच म्हणतो.

तर : पैसे मंडळाच्या नेहमीच्या झेल खात्यावर (बँकेतून थेट पाठवायची सोय), मेमोत ‘उन्हाळा’ लिहा (नाहीतर खजिनदार ते नाटकाच्या तिकिटांत धरतात), करसवलतीची पावती मिळेल, कंपनीचं मॅचिंग (तुमच्या देणगीत कंपनीची भर) असल्यास फॉर्म लगेच भरा, डिपॉझिटं मेमध्येच लागतात म्हणून एप्रिलअखेरपर्यंत. जून-जुलैत इथे असणाऱ्यांनी दोन शनिवार द्यावेत, सकाळी १० ते १. स्पॅनिश येत असेल तर आधी मला फोन करा. नसेल येत तरी चालेल, कॉलेजच्या पोर्टलवर तारखा बघता आल्या की झालं. आणि दहा-बारा घडीच्या खुर्च्या कुणाकडे पडून असतील तर द्या, काकूंच्या आता परत करायच्या आहेत.

आपला,
सचिव