सायनस आणि साइन

चाळीसगाव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल "काही नाही हो बाबा, सायनस आहे" म्हणालीस आणि मी तापाचं विचारताच विषय बदललास. म्हणे, जन्मभर साइन थीटा शिकवलात, तो शब्द आला कुठून ते सांगा! डाव कळला मला. तरी सांगतो. वाफ मात्र दोन्ही वेळा घे.

धनुष्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. कमानीला चाप म्हणायचं आणि दोरीला जीवा, हे तू नववीतच शिकलीस. इ.स. 499 च्या आर्यभटीयात अर्ध्या ज्येचं, म्हणजे आपल्या साइनचंच, कोष्टक आहे. पुढे 'अर्ध' गळून नुसती ज्या उरली. अरबांनी जीवेचं 'जीबा' केलं. पण त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि जीबाला अरबीत अर्थही नव्हता. वाचणाऱ्यांनी तीच अक्षरं 'जैब' अशी वाचली, म्हणजे अंगरख्याचा गळा, कापडाची घडी. बाराव्या शतकात ते ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवणाऱ्यांनी त्या घडीला 'सायनस' लिहिलं. त्याचं इंग्रजीत साइन झालं. नाकाभोवतीच्या पोकळ्यांनाही वैद्यांनी हेच नाव दिलं. तेव्हा तुझ्या डॉक्टरच्या कागदावर शब्द तोच आहे!

तूही फोनवर त्या अरबी लिपीसारखीच बोलतेस. नुसतं "बरंय". मधले स्वर मी भरायचे, आणि रात्री दोन वाजता मला चांगले सुचत नाहीत.

पाटणादेवीला गेलो होतो तेव्हाही असंच. देवळातला शिलालेख मी दाखवत होतो, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला हे सांगणारा. तू मान डोलावत होतीस. परतताना एसटीत तुझा हात हातात घेतला तर चटका बसला. आई अजून मलाच बोल लावते. पण घरी येऊन, तापातच, तू विचारलं होतंस की ते आजोबा नातवाला रागवायचे का. तेव्हाच वाटलं होतं, ही गणितात जाणार. इंजिनिअरिंग सोडलंस तेव्हा मी नको ते बोललो, पण स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते.

आता शेवटचं. जागरणं करून प्रमेयं सुटत नसतात, शरीर आधी, आणि अंगावर दुखणं काढणं म्हणजे... असो. पुन्हा मास्तरकी झाली, रागावू नकोस.

पैसे टाकलेत, थर्मामीटर आण. रोज रात्री आकडा कळव. "बरंय" नको, दशांश चिन्हासकट आकडा.

तुझा,
बाबा

ता. क. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नकोस. हे आईचं म्हणणं आहे. माझंही.