व्यसनमुक्तीत मनाचेही उपचार हवेत

व्यसनमुक्ती ही केवळ निर्धाराची बाब आहे, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील कळकळ मान्य करूनही या मताशी सहमत होता येत नाही. दारू सोडल्यानंतरची थरथर, घाम यांसारखी शारीरिक लक्षणे बहुधा आठवडाभरात ओसरतात, परंतु निद्रानाश, चिंता आणि उदासी कित्येक महिने रेंगाळू शकतात, आणि घरच्यांना ‘आता सुटली’ असे वाटू लागते त्याच काळात माणूस आतून एकाकी झुंजत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही व्यसनाधीनतेची गणना मानसिक व वर्तनविषयक विकारांतच होते. अशा माणसाला दुबळ्या मनाचा ठरवले, की शरमेपोटी तो मदत मागणेच टाळतो. म्हणून नैराश्याची तपासणी आणि समुपदेशन पहिल्या दिवसापासून उपचारांचा भाग असावेत.