शिकवायला त्यांनाही बसवा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निर्वासित बायका आणि स्थानिक बायका एकत्र बसून भरतकाम करतायत असे फोटो हल्ली बरेच दिसतात, बघून बरं वाटतं, पण जरा नीट बघा, समजावून सांगणारी स्थानिक आणि मान खाली घालून शिकणारी निर्वासित, बहुतेक वेळा हेच. मला हे खटकतं. अहो, कला घेऊन आलेली असते ती!

कच्छचं सूफ भरतकाम घ्या. १९७१च्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानातल्या थरपारकरहून जी कुटुंबं कच्छमध्ये आली त्यांच्यातल्या बायकांचं हे काम. कापडावर आधी छापायचं नाही, ट्रेसिंग नाही, उलट्या बाजूने धागे मोजत मोजत त्रिकोण भरायचे, एक धागा चुकला की पुढचं सगळं तिरकं. मी हौसेने करून बघितलं, तासाभरात तीनदा उसवलं आणि चौथ्यांदा गुपचूप डब्यात ठेवून दिलं. पॅलेस्टिनी तत्रीझ म्हणजे फुलीच्या टाक्याचं काम, त्यात पूर्वी नक्षीवरून बाई कुठल्या भागातली ते कळायचं, १९४८च्या युद्धानंतर गावंच सुटली आणि छावण्यांमध्ये शेजारणींच्या नक्ष्या एकमेकींत मिसळल्या. आणि थायलंडच्या छावण्यांतल्या ह्मोंग जमातीच्या बायकांनी तर लाओसमधून पळताना मेकाँग नदी कशी ओलांडली ते सगळं कापडावर भरून ठेवलंय, माणसं, होड्या, सैनिक सगळं. अशा बायकांना आपण साखळी टाका शिकवणार?

भाषेचं म्हणाल तर फारसं अडत नाही. जिचं चुकलंय तिच्या हातातून कापड घ्यायचं, दोन टाके उसवून परत द्यायचं, झाली ओळख. फक्त हे दोन्ही बाजूंनी व्हायला हवं, आज तिने माझं उसवावं, उद्या मी तिचं. आणि ती शिकवत असेल तर त्याचे पैसे द्या, नुसतं सर्टिफिकेट आणि टाळ्या नकोत. मुलांना सांभाळायला कोणीतरी ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून निम्म्या जणी येत नाहीत. आणि विक्रीचं म्हणाल तर, दया म्हणून त्यांनी भरलेली पिशवी लोक एकदाच घेतात, काम आवडलं तर परत येतात.

तुम्हालाही एक विनंती, अशा बातमीत पाहुण्यांची नावं ओळीने येतात आणि काम करणारी नुसती 'एक महिला'. तिचं नाव छापा. मात्र आधी तिला विचारून, मागे राहिलेल्या माणसांना त्रास होईल म्हणून काहीजणींना नाव नको असतं.

आपली,
एक वाचक