पुतण्याला पंक्तिप्रपंच कसा काय होईल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक हेडलाईन होती, कुठल्याशा पुढाऱ्याच्या पुतण्याला नोकरी लागली त्याबद्दल, आणि वर मोठ्या टायपात ‘नेमणुकीत पंक्तीप्रपंच’. चहा पिता पिता हसूच आलं. अहो, पुतण्याला काकाने चिकटवला ह्याला वशिला म्हणतात! अरबी ‘वसीला’ म्हणजे साधन, मार्ग, तोच आपल्याकडे वशिला झाला, आणि असा लागलेला माणूस म्हणजे वशिल्याचं तट्टू, हे शाळेतल्या पोरालाही माहितीये. पंक्तिप्रपंच म्हणजे एकाच पंगतीत माणूस बघून कमीजास्त वाढणं, ह्यात पंगत कुठे आली?

गंमत म्हणजे त्याच अंकात आतल्या पानावर आमदारांच्या निधीची बातमी होती, तिथे पंक्तिप्रपंच अगदी फिट बसला असता तर तिथे तुम्ही ‘फेवरिटिझम’ लिहिलंय. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, तो सगळ्यांना सारखाच, म्हणजे वरण-भात सगळ्यांच्या पानात पडला. भांडण आहे ते त्यावरच्या जादा निधीचं, म्हणजे तुपाचं.

तूप म्हणतोय ते उगाच नाही. आमच्या लहानपणी गावाकडे लग्नात पंगती उठायच्या तेव्हा तूप वाढायला नेहमी घरचाच माणूस असायचा, बहुतेक आमचा एक मामा. हातात तुपाची तामली, कमरेत वाकलेला, आणि आम्हा पोरांच्या भातावर धार पडते न पडते तोच मनगट वर, की पुढचं पान. पण व्याह्यांपाशी आला की तेच मनगट असं काही सैल पडायचं की व्याही दोन्ही हात पानावर आडवे धरून ‘पुरे पुरे’ म्हणतायत आणि धार काही तुटत नाही. आजी लांबून बघायची आणि नंतर माजघरात मामाला झापायची, ‘पंक्तिप्रपंच करू नये रे, अन्न बाधतं’. आम्हाला तेव्हा तो शब्द म्हणजे तुपाचाच काहीतरी प्रकार वाटायचा.

सांगायचा मुद्दा हा की पंक्तिप्रपंच व्हायला आधी सगळे एका पंगतीत बसलेले लागतात. पात्र सगळे सारखे, पान सगळ्यांचं मांडलेलं, आणि वाढणाऱ्याचा हात मात्र माणूस बघून सैल होतो. पक्षपात वेगळा, तो दोघांच्या भांडणात पंच एका बाजूला कलला की होतो. आणि ज्याला पंगतीत बसूच दिलं नाही तो अपांक्तेय. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागेसुद्धा ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं लचांड, लागलं होतं, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अंगणाच्याही बाहेर ठेवलं त्यांच्याबाबतीत पंक्तिप्रपंच म्हणणं म्हणजे तर शुद्ध चेष्टा आहे, तिथे पंगतच नाकारली होती.

आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर जुन्या पेन्शनचं घ्या, मी मास्तरकी केलीये म्हणून हेच पटकन आठवतं. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे जे राज्य सरकारच्या नोकरीत लागले त्यांना जुनी पेन्शन नाही असं ठरलं. त्या नियमाने एकाच स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी बसणारे दोघं, एक त्या तारखेच्या थोडा आधी लागलेला, एक थोडा नंतर, शाळा तीच, खडू तोच, निवडणुकीची ड्युटीही दोघांना, पण रिटायर झाल्यावर एकाच्या भातावर तूप आणि दुसरा तोंडाकडे बघतोय. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडत लोक रस्त्यावर उतरले ते ह्याचसाठी. त्यांच्यात कोणी कोणाचा पुतण्या नव्हता, त्यामुळे तिथे वशिला म्हणून चालत नाही आणि फेवरिटिझम तर नाहीच नाही.

जाता जाता, तुम्ही ‘पंक्तीप्रपंच’ छापलंत त्यात ‘ती’ दीर्घ झालीये. नुसती पंक्ती दीर्घ पण समासात पंक्तिप्रपंच, जसा कवी आणि कविराज. प्रूफरीडरला रागावू नका, हल्ली सगळेच मोबाईलवर टाईप करतात, मीही त्यातलाच.

आता तुम्ही म्हणाल की पंगतीच राहिल्या नाहीत, सगळीकडे बुफे, मग असल्या शब्दांचं करायचं काय. परवाच नातेवाईकांच्या लग्नाला गेलो होतो. पनीरच्या काउंटरला कॅटररच्या पोराने माझ्या प्लेटमध्ये वरवरचा रस्सा ओतला, एक तुकडा, तोही अर्धा. माझ्या मागे नवरदेवाचा बॉस होता. पोराने डाव पार तळापर्यंत घातला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वाई