नेहमीचं पाठवा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतात पेटंटचे अर्ज वाढताहेत, याबद्दलचा आपला अग्रलेख वाचला. आनंद मलाही झाला. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपला पेटंट कायदा फार कडक आहे, तो सैल करावा, हा शेवटचा परिच्छेद वाचला आणि सन २००० मधली एक पैज आठवली.

तेव्हा मी सीप्झमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला पेटंट मिळालंय, हा विषय डबा खाताना निघाला. एकाने विचारलं, हे करायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, चहापर्यंत. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे ओळखीची छोटी खूण, ठेवायची, तिच्यावरून ते कोण हे ओळखायचं, डेटाबेसमधून पत्ता आणि कार्डाचा नंबर उचलायचा, ऑर्डर लिहायची. पावणेपाचला बटण चालू झालं आणि मला पैजेचा वडापाव मिळाला. यात माझी हुशारी काडीचीही नव्हती, म्हणून तर हे सांगतेय.

ती कल्पनाही मला घरचीच वाटली होती. आमच्या सासूबाई डोंबिवलीच्या घराच्या गॅलरीतून खालच्या वाण्याला नुसतं म्हणायच्या, "शेठ, नेहमीचं पाठवा." घर कुठलं, तेल कुठलं, सगळं शेठला माहीत. पैसे वहीत. अर्ध्या तासात पोऱ्या पिशवी घेऊन दारात!

अमेरिकेत मात्र हा खटल्याचा विषय झाला. २८ सप्टेंबर १९९९ ला पेटंट मिळालं, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला, तिनेही तशीच सोय ठेवली म्हणून, कोर्टात खेचलं आणि डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, कोर्टाने मनाई हुकूम दिला. बार्न्स अँड नोबलने काय केलं? खरेदीत आणखी एक क्लिक घातला. गिऱ्हाइकाला नको असलेली एक पायरी, केवळ वकिलांसाठी. २००१ च्या फेब्रुवारीत वरच्या कोर्टाने पेटंटच्या वैधतेबद्दलच शंका घेऊन तो हुकूम उठवला. २००२ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. अ‍ॅपलने तर आधीच परवाना घेऊन टाकला होता. खुद्द जेफ बेझोस यांनी २००० मध्ये खुलं पत्र लिहून अशा पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षं असावी असं सुचवलं. स्वतःचं पेटंट मात्र सोडलं नाही. ते २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत चाललं.

मधे पीटर कॅल्व्हली नावाच्या न्यूझीलंडच्या एका अभिनेत्याने लोकांकडून वर्गणी काढून फी भरली आणि अमेरिकन पेटंट कार्यालयाला या पेटंटची फेरतपासणी करायला लावली. २००७ मध्ये त्यातले बहुतेक दावे फेटाळले गेले. २०१० मध्ये थोडी दुरुस्ती करून ते पुन्हा मान्यही झाले! एकाच कार्यालयाला जे दहा वर्षांत नीट ठरवता येत नाही, ते दोन माणसांच्या कंपनीने कोड लिहिण्याआधी कसं ठरवायचं?

दुसरं उदाहरण माझ्या मुलामुळे कळलं. व्हिडिओ गेम लोड होताना तो पडद्याकडे बघत कंटाळायचा. म्हणायचा, आई, तेवढ्यात एखादा छोटा गेम का देत नाहीत? देत नव्हते, कारण त्याचं पेटंट नामको या जपानी कंपनीकडे होतं. वास्तविक १९८७ मध्येच कमोडोर ६४ वर कॅसेट लोड होताना खेळायचा गेम निघाला होता. हे पेटंट २०१५ मध्ये संपलं, तोवर यंत्रं इतकी वेगवान झाली की थांबण्याचा वेळच कमी झाला. कल्पना वापरायची मुभा मिळाली ती तिची गरज सरत आल्यावर.

पेटंटच नकोत असं मी म्हणत नाही. बोटाचा स्पर्श ओळखणारी काच बनवायला प्रयोगशाळा आणि वर्षं लागतात, तिला जरूर संरक्षण द्या. त्या काचेवर बोट कसं सरकवायचं, याला नको. अ‍ॅपलच्या 'सरकवून उघडा'चं पेटंट जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, अमेरिकेच्या अपील कोर्टाने ऑक्टोबर २०१६ मध्ये वैध ठरवलं. त्याआधी महिनाभर अ‍ॅपलनेच आयफोनवरून ती पद्धत काढून टाकली होती!

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) सांगतं की व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम (काम करण्याचे ठरलेले टप्पे) आणि 'पर से', म्हणजे निव्वळ, संगणक प्रोग्रॅम हे शोध नव्हेत; त्यांना पेटंट नाही. त्या 'पर से'वर कित्येक वकिलांची घरं चालतात, तो भाग वेगळा. २००४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून हे कलम सैल केलं होतं. २००५ मध्ये संसदेने ते पूर्ववत ठेवलं. पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सॉफ्टवेअरसोबत नवं हार्डवेअर, म्हणजे यंत्राचा भाग, असण्याची अट होती, २०१७ मध्ये तीही गेली. आणखी किती सैल करायचं?

पेटंट देण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो, अशी सोय आपल्या कायद्यात कलम २५ मध्ये आहे. एका क्लिकसारखं काही आपल्याकडे आलं, तर शेठची १९९१ ची लाल वही माळ्यावर आहे. सासूबाईंनी रद्दीत घालू दिली नव्हती.

– एक निवृत्त प्रोग्रॅमर, डोंबिवली (पूर्व)