लघवीची डबी देताना दोन वाक्ये जास्त सांगा

संपादक महोदय,

गेल्या मे महिन्यात माझ्या ७२ वर्षांच्या आईला लघवीला जळजळ होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लिहून दिले. लॅबमधून प्लास्टिकची डबी मिळाली आणि सोबत 'सकाळची भरून आणा' एवढेच शब्द. आईने पहाटे ६ वाजता, झाकण न्हाणीघराच्या ओल्या कठड्यावर उपडे ठेवून, पहिल्या धारेपासूनच डबी काठोकाठ भरली आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून बसने मी ती साडेदहाला पोचवली. अहवालात त्वचेच्या पेशी भरपूर, आणि कल्चरवर शेरा होता: 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा', म्हणजे अनेक प्रकारचे जंतू एकत्र वाढले होते. तोवर पस सेल्सचा (पुवाच्या पेशींचा) आकडा पाहून अँटिबायोटिक सुरू झाले होते. त्यामुळे दुसऱ्या नमुन्यात काहीच वाढले नाही आणि मूळ जंतू कोणता, हे शेवटपर्यंत कळले नाही.

यात आईचे काय चुकले? पहिल्या धारेबरोबर मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू आणि पेशी वाहून येतात, म्हणून कल्चरसाठी जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. असा नमुना २ तासांत लॅबमध्ये पोचायला हवा, नपेक्षा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. अशा संसर्गात नेहमी आढळणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल उष्णतेत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो आणि गोव्यातल्या मेच्या उकाड्यात, बसमध्ये मांडीवर धरलेल्या डबीत, त्याला आणखी काय हवे? मिलिलिटरमागे जंतूंच्या १ लाख वसाहती (कल्चरमध्ये वाढलेले जंतूंचे पुंजके) हा संसर्गाचा रूढ निकष अशा शिळ्या नमुन्याला लावण्यात अर्थ नाही. शिवाय साध्या तपासणीतल्या पेशीही तोवर फुटू लागतात.

प्रत्येक तपासणीची रीत वेगळी. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाच्या तपासणीला नेमकी पहिलीच धार लागते. २४ तासांच्या लघवीत सुरुवातीची सकाळची लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची धरायची असते.

लॅबनी आणि आरोग्य केंद्रांनी डबीसोबत मराठी-कोकणीत चार ओळींची चिठ्ठी द्यावी, अँटिबायोटिक सुरू आहे का ते विचारावे आणि नमुना घेतल्याची वेळ लिहून घ्यावी. आईच्या डबीवर नाव आणि वय होते. वेळेसाठी रकानाच नव्हता.

— एक वाचक, सत्तरी